दोर कुणी धरायचा

पूर्वी, दंतपूर नगरात धृतिसेन राजा राज्य करीत होता त्या काळी, बोधिसत्त्व नगरापासून चार दिवसांच्या वाटेवर, मध काढणाऱ्यांच्या एका वस्तीत जन्मला होता. त्याचे नाव उत्पल.

त्या वस्तीत प्रत्येक घराचा आपला एक कडा असे. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळे लटकत, आणि घरातला एक जण दोराने खाली उतरे. वर झाडाच्या खोडाला दोन वेढे दिलेला तो दोर दुसरा कुणी सांभाळे. पण हा दुसरा कुणीही चालत नसे. बायकोचा भाऊ, नाहीतर स्वतःचा भाऊ. उतरणारा पडला तर ज्याच्या घरात रडणे होईल, त्यानेच दोर धरायचा. परका कितीही बळकट असो, त्याने दोराला बोट लावायचे नाही. हा नियम कुणी केला ते कुणाला ठाऊक नव्हते, पण तो कुणी मोडलाही नव्हता.

उत्पल पंधरा वर्षांचा असताना त्याचा बाप तापाने गेला. त्याला भाऊ नव्हता, बहीणही नव्हती. घरात आई होती आणि वेत्रा होती. दोन पावसाळ्यांपूर्वी ही मुलगी पुरात एका ओंडक्याला धरून वाहत आली होती. तिची माणसे पाण्याने नेली होती. बारा वर्षांची वेत्रा दिवसभर बसून झाडाच्या सालीचे दोर वळी. मागून कुणी हाक मारली, एखादे भांडे पडले, की ती दचके. मुले तिला टिटवी म्हणत. वस्तीच्या नायकाचा मुलगा तुंगक तर मुद्दाम तिच्या पाठीशी येऊन टाळी वाजवी आणि ओरडे, "उडाली रे उडाली!"

मधाचा मोसम आला. ज्या कड्यावरून मोसमात कुणी उतरत नसे, तो कडा दुसऱ्या घराकडे जाई. नायक भूरिक मुलाला घेऊन उत्पलच्या दारी आला.

"लेका, तुझा दोर कोण धरणार? माझा तुंगक धरील. दोघे एका ओंजळीतून मध खा आणि भाऊ व्हा. माझ्या कड्यातही तुला वाटा देतो. फक्त ही वाहून आलेली पोर जाऊ दे. हिच्या पायाने पूर आला, असं लोक म्हणतात."

उत्पल म्हणाला, "काका, हिच्या पायाने पूर नाही आला. पुराच्या पायाने ही आली."

मग तो आत गेला. सुक्या भोपळ्याच्या भांड्यात उरलेला मध त्याने ओंजळीत ओतून घेतला आणि ती ओंजळ वेत्रापुढे धरली.

"खा. माझा दोर तू धरायचास."

वेत्राचा चेहरा उतरला. "मी? दादा, माशी कानाशी आली तरी जीव जातो माझा. हात सुटला म्हणजे?"

तुंगक हसला. "टिटवी दोर धरणार! बाबा, उत्पलला आधी पंख लावा."

उत्पल म्हणाला, "दोन वर्षं तुला दोर वळताना बघतोय मी. दचकलीस की डोळे मिटतेस, अंग चोरतेस. पण हातातला दोर एकदाही पडला नाही. दचकलीस की तुझी मूठ आवळते, वेत्रा. म्हणून तर ओंडका सुटला नाही तुझ्या हातून."

वेत्राने आपल्या हातांकडे पाहिले. हे तिला आजवर कुणी सांगितले नव्हते. तिने मान खाली घातली आणि मध चाटला.

"पडलास तर आम्हाला बोल लावू नकोस," भूरिक म्हणाला.

"पडलो तर बोल लावायला उरतो कुठे, काका!"

तिसऱ्या दिवशी सकाळी सारी वस्ती कड्यावर जमली. उत्पल उतरू लागला. वेत्राने डोळे मिटून घेतले. भीती जाण्याची तिने वाट पाहिली नाही. मिटल्या डोळ्यांनीच ती दोर हळूहळू सोडत राहिली. खाली ओल्या पाल्याचा धूर झाला, पोळे कापले गेले, आणि अचानक वारा फिरला. माश्यांचा लोट कड्यावर आला. लोक पळाले. वेत्राच्या मानेवर एक माशी डसली. ती दचकली, मूठ आवळली. दुसरी डसली, मूठ आणखी आवळली.

तेवढ्यात खोडाची ओली साल सोलवटली आणि दोराचे वेढे घसरले. उत्पलचा सारा भार त्या दोन हातांवर आला. वेत्रा कड्याच्या काठाकडे ओढली जाऊ लागली, पण तिने दोर सोडला नाही.

झुडपामागून तुंगकाने हे पाहिले आणि तो धावला. त्याचा हात दोराकडे गेला आणि थांबला. दोराला हात लावायचा हक्क त्याला नव्हता. पण दोर धरणारीला धरू नये, असा नियम कुणी केला नव्हता. त्याने वेत्राच्या कमरेला मिठी घातली आणि टाचा मातीत रोवल्या.

"सोडू नकोस गं! मी आहे मागे!" मग तो ओरडला, "बाबा, बघता काय? मला धरा!"

भूरिकाने मुलाला धरले, भूरिकाला आणखी कुणी धरले. अशी ती रांग माश्यांत उभी राहिली, आणि उत्पल दोराच्या गाठींवर पाय देत देत वर आला.

वेत्राचे डोळे मिटलेलेच होते. "दादा, किती राहिलंय अजून?"

"आलो मी," उत्पल तिच्याजवळ बसून म्हणाला.

तुंगकाचा एक डोळा सुजून बंद झाला होता. नव्या पोळ्यातला मध ओंजळीत घेऊन तो वेत्रापुढे आला. "मलाही बहीण नाही," तो म्हणाला.

"मागून टाळी वाजवणार नाहीस ना?"

"वाजवली तरी तू थोडीच सोडणार आहेस!"

ती हसली आणि तिने मध चाटला. त्या दिवसापासून त्या वस्तीत वेत्राचे कूळ कुणी विचारले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारातल्या एका श्रामणेरीला, नुकतीच दीक्षा घेतलेल्या मुलीला, सांगितली. जराशा आवाजाने तिचे ध्यान मोडे, बाकीचे हसत, आणि 'मी इथली नव्हे' म्हणून ती दीक्षेचे वस्त्र, चीवर, परत करायला आली होती. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा तुंगक म्हणजे तुला सर्वांत जास्त हसणारा तो श्रामणेर. भूरिक म्हणजे तुला इथे घेऊ नये म्हणणारे वृद्ध भिक्षू. वेत्रा तू होतीस, आणि तुझ्या हाती दोर देऊन उतरणारा उत्पल मी होतो. भय सरल्यावर कुणीही धरून ठेवील. भय असतानाही जे हातून सुटत नाही, ती अधिष्ठान पारमिता, अढळ निश्चयाची पूर्णता."