कापूर कोणी ओळखला?

"पण बुवा, मग कापूर ओळखला कोणी?"

शर्वाणी मठात शिरली ती हे विचारतच. नमस्कार करायचंही भान नव्हतं पोरीला. ती शहरात उंदरांच्या मेंदूवर काम करते. वास ओळखणारी पेशी सापडली, असं तिनं गावभर सांगून ठेवलं होतं.

"लवंग हुंगवली की ती पेशी बोलते. केवडा हुंगवला तरी बोलते. नेमका कापूर आला की गप्प. आणि उंदीर मात्र कापूर बरोबर ओळखतो. म्हणजे माझी पेशी बिनकामाची. माझी एवढी वर्षं पाण्यात गेली, बुवा. उद्या राजीनामा देते."

सिद्धनाथबुवांनी खांद्यावरचं उपरणं काढून तिच्या हातात दिलं.

"डोळ्यांवर बांध."

पंगत उठवून आम्ही अंगणभर, पार विहिरीपर्यंत, पांगून सुपारी कातरत बसलो होतो. बुवा आम्हाला म्हणाले, "मी जवळ आलो की जोरात टाळी. लांब गेलो की हळू. फारच लांब गेलो तर हात मांडीवर, गप्प. आणि शर्वाणी, मी कुठं आहे ते तू बोटानं दाखव."

बुवा अनवाणी निघाले. टाळ्या सुरू झाल्या. काय मजा आली म्हणून सांगू, म्हातारेकोतारेसुद्धा पोरांसारखे खिदळत होते.

शर्वाणीनं सगळ्यात मोठ्या टाळीकडे बोट केलं. तिथं सुखदेव पैलवान बसलेला. त्याची हळू टाळीसुद्धा दार ठोठावल्यासारखी. बुवा भलतीकडेच होते.

आम्ही हसलो. ती चिडली.

"पुन्हा," म्हणाली.

बुवा पुन्हा फिरले. या खेपेला ती कुठल्याच एका टाळीकडे वळेना. मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले...

मग बोट उचललं. थेट बुवांच्या छातीकडे.

सगळं अंगण ओरडलं. तिनं उपरणं ओढून काढलं.

"एकट्या कुणाला माहीतच नव्हतं, बुवा. सगळ्यांचं मिळून कळलं."

"मी विहिरीपाशी नाही, हे कसं कळलं?"

"तिकडचे गप्प होते ना सगळे..."

उपरणं हातातच राहिलं.

"बुवा... माझी पेशी..."

"कापराला गप्प बसते म्हणालीस ना? मग तिचं ऐकलं का नाहीस?"