शिसवाची मूठ

लोखंड आणि लाकूड एकमेकांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. गेनू लोहाराच्या फळीवर शिसवाचा एक देखणा तुकडा होता. गिऱ्हाईक आलं की गेनू त्याच्यावर ओला हात फिरवी. जांभळ्या-काळ्या रेषा उजळत आणि लोक बघत राहत. मग गेनू म्हणे, "हा सरदाराच्या कट्यारीसाठी राखलाय," आणि गिऱ्हाइकाच्या सुरीला बाभळीची मूठ बसवून देई.

रोज भिजून, रोज वाळून तुकड्याला बारीक भेग पडली होती. "आणखी एकदा भिजलो तर उकलेन," तो शेजारच्या नव्या पात्याला म्हणाला.

"मग माझी मूठ हो की. पण मी भाजी चिरणार हं."

"चालेल. कुणी मला घेतलं तर पाहिजे."

इतक्यात त्या पात्याची मालकीण, खानावळवाली चिमाआक्का, आपली सुरी न्यायला आली. गेनूनं सवयीनं पाण्यात हात बुडवला, तोच तिनं त्याचं मनगट धरलं.

"थांब, भाऊ. भेग दिसत नाही? कौतुक करकरून मारशील त्याला."

"सरदार आले की..."

"तोवर त्याचं सरपण होईल. माझ्या सुरीला लाव."

गेनूनं ओला हात धोतराला पुसला. मग त्यानं भेगेचा भाग कापून टाकला, उरलेला तासला, त्याला जवसाचं तेल पाजलं आणि मूठ करून पात्यावर बसवला.

आक्कानं खानावळीत सुरी हातात घेऊन मेथीची जुडी चिरायला घेतली.

"कापताना दुखलं का गं?" पात्यानं मुठीला विचारलं.

"दुखलं," मूठ म्हणाली. "पण आता जरा गप्प बस. तिचा हात किती उबदार आहे, ते मला कळू दे."