नाकुलीच्या पिल्लांची गार नाकं

या, शिरा गोधडीत. पाय आत घ्या. हात आत घ्या. आणि एकेकट्याने मधे मधे बोलायचं नाही हं. ओळ परत परत आली, की सगळ्यांनी मिळून म्हणायची.

निफाडच्या बाजूला एक घर होतं. घरात दोन खोल्या. एक स्वयंपाकघर. एक पुढची खोली. मधे एक दार.

पुढच्या खोलीत होती पत्र्याची पेटी. पेटीखाली राहायची एक चिचुंद्री. तिचं नाव नाकुली. पुढे लांब नाक, मागे लांब शेपूट, आणि मधे एवढीशी नाकुली. तिला चार पिल्लं होती. इतकी लहान, की त्यांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते.

एका सकाळी पिल्लं रडायला लागली. चुंई! चुंई! चुंई! चुंई!

नाकुलीने पहिल्याच्या नाकाला नाक लावलं. गार! दुसऱ्याच्या नाकाला नाक लावलं. गार गार! तिसऱ्याच्या नाकाला नाक लावलं. गार गार गार! चौथ्याच्या नाकाला लावलं आणि नाकुलीच कुडकुडली.

"अगंबाई! काल इथे ऊब होती. आज गेली कुठे?"

जाणार कुठे? स्वयंपाकघरात अडकली होती बिचारी. तिथे चूल पेटली होती. ढणढण, ढणढण. पण मधलं दार बंद. सिंधूकाकूने लावलं होतं. "पुढच्या खोलीतून गार वारा येतो बाई," असं म्हणाली आणि लावलं. दाराखाली फट होती. तिथे काकूने पायपुसणं कोंबलं. मग स्वयंपाकघर तापलं. इतकं तापलं, इतकं तापलं, की काकूला घाम फुटला. मग काकूने काय केलं? खिडकी उघडली! बाहेर कावळा बसला होता. तो फुकटात शेकत बसला. आहे की नाही आपली काकू हुशार?

पिल्लांना उचलून स्वयंपाकघरात न्यावं, तर तिथे काकूचा झाडू. नको रे बाबा.

"रडू नका रे सोन्यांनो," नाकुली म्हणाली. "मी आत्ता ऊब घेऊन येते."

निघाली नाकुली. तुरु तुरु तुरु. गेली दाराकडे.

"दारदादा, दारदादा, उघड ना! पिल्लांची नाकं गार पडली!"

दार म्हणालं, "उघडतो की! मी कुठे नाही म्हणतो? पण आधी पायपुसणं सरकू दे."

भिंतीला होतं एक भोक. नाकुली भोकातून पलीकडे गेली. तुरु तुरु तुरु. गेली पायपुसण्याकडे.

"पायपुसणेबुवा, पायपुसणेबुवा, सरका ना! पायपुसणं सरकेना, दार उघडेना, पिल्लांची नाकं गार पडली!"

पायपुसणं म्हणालं, "सरकतो की! मी कुठे नाही म्हणतो? पण आधी बोका उठू दे."

पायपुसण्यावर बोका झोपला होता. हा असा गोल. घुर्रर्र, घुर्रर्र. तुम्हाला वाटेल, आता बोका नाकुलीला खाणार. मुळीच नाही! चिचुंद्रीच्या अंगाला घाण वास येतो ना. बोक्याने एक डोळा उघडला आणि नाकावर पंजा ठेवला.

"बोकोबा, बोकोबा, उठा ना! बोका उठेना, पायपुसणं सरकेना, दार उघडेना, पिल्लांची नाकं गार पडली!"

बोका म्हणाला, "उठतो की! मी कुठे नाही म्हणतो? पण आधी काकूला दूध देऊ दे. कोमट हं. गार दूध मला बाधतं."

तुरु तुरु तुरु. नाकुली गेली काकूकडे. काकू भाकरी थापत होती. थप थप, थप थप. घाम पुसत होती. नाकुलीला पाहिलं आणि काकूने पदर नाकाला लावला.

"शी! चिचुंद्री! तिथूनच बोल बाई."

"काकू, काकू, दूध दे ना! काकू दूध देईना, बोका उठेना, पायपुसणं सरकेना, दार उघडेना, पिल्लांची नाकं गार पडली!"

काकू म्हणाली, "देते की! मी कुठे नाही म्हणते? पण चुलीवर बघ. अप्पांच्या अंघोळीचं पाणी आहे. कधीचं खदखदतंय. हंडा उतरल्याशिवाय दूध कुठे तापवू? आधी अप्पांना अंघोळ करू दे."

नाकुली भोकातून अलीकडे आली. तुरु तुरु तुरु. गेली अप्पांकडे.

अप्पा म्हणजे सगळ्यांचे आजोबा. अप्पा बाजेवर बसले होते. डोक्याला कानटोपी. अंगात दोन स्वेटर. वर घोंगडी. हुडहुड, हुडहुड. आणि डोक्यावर काय? पंखा! गरगर, गरगर फिरत होता. हो, हो, थंडीतच! हसू नका. पुढे ऐका.

"अप्पा, अप्पा, अंघोळ करा ना! अप्पा अंघोळ करेनात, काकू दूध देईना, बोका उठेना, पायपुसणं सरकेना, दार उघडेना, पिल्लांची नाकं गार पडली!"

अप्पा म्हणाले, "करतो की! मी कुठे नाही म्हणतो? पण या वाऱ्यात स्वेटर काढू? दात वाजतील माझे. आहेत तेवढे. आधी पंखा थांबू दे."

नाकुलीने मान वर केली. खूप वर.

"पंखेराव, पंखेराव, थांबा ना! पंखा थांबेना, अप्पा अंघोळ करेनात, काकू दूध देईना, बोका उठेना, पायपुसणं सरकेना, दार उघडेना, पिल्लांची नाकं गार पडली!"

पंखा म्हणाला, "थांबतो की! मी कुठे नाही म्हणतो? मला तरी कुठे हौस आहे? चक्कर येते चक्कर! पण आधी काकांना बटण दाबू दे."

बटण होतं सुदामकाकांच्या उशाशी. भिंतीवर, उंच. नाकुलीचा हात कसला पोचतोय!

तुरु तुरु तुरु. गेली काकांकडे. काका झोपले होते. अंगावर एक गोधडी. तिच्यावर दुसरी गोधडी. तिच्यावर तिसरी गोधडी. नुसता डोंगर! डोंगरातून आवाज येत होता. घुर्रर्र... फूऽऽ. घुर्रर्र... फूऽऽ.

"काका, काका, बटण दाबा ना! काका बटण दाबेनात, पंखा थांबेना, अप्पा अंघोळ करेनात, काकू दूध देईना, बोका उठेना, पायपुसणं सरकेना, दार उघडेना, पिल्लांची नाकं गार पडली!"

डोंगर हलला. आतून काका म्हणाले, "दाबतो की! मी कुठे नाही म्हणतो? पंख्याच्या आवाजाशिवाय मला झोप लागत नाही, पण तुझ्यासाठी दाबतो हो. फक्त हात बाहेर काढायचा म्हणजे... बाप रे, काय ही थंडी! आधी खोलीत ऊब येऊ दे."

घुर्रर्र... फूऽऽ.

थंडी कशाने वाजत होती काकांना? पंख्याने! पंखा कुणी लावला होता? काकांनी! पण त्यांना सांगणार कोण? ते झोपले होते ना.

नाकुली पुन्हा भोकातून पलीकडे गेली. तुरु तुरु तुरु. गेली ऊब शोधायला. ऊब बसली होती वर, छताला टेकून. अर्धी खिडकीतून बाहेर चालली होती, कावळ्याकडे.

"ऊबताई, ऊबताई, ये ना! ऊब येईना, काका बटण दाबेनात, पंखा थांबेना, अप्पा अंघोळ करेनात, काकू दूध देईना, बोका उठेना, पायपुसणं सरकेना, दार उघडेना, पिल्लांची नाकं गार पडली!"

ऊब म्हणाली, "येते की! मी कुठे नाही म्हणते? जीव गुदमरलाय माझा इथे. पण तुझ्या भोकात मी कशी मावणार? आधी दार उघडू दे."

दार!

नाकुली मटकन खाली बसली.

"अगं, पण दारापासूनच तर निघाले मी!"

आता तुम्हीच सांगा. दार नाही म्हणालं का? नाही. बोका नाही म्हणाला? नाही. काकू? अप्पा? काका? कुणी म्हणजे कुणी नाही म्हणालं नाही. सगळे हो म्हणाले. काय गोड माणसं! आणि पिल्लांची नाकं? गारच्या गार.

नाकुली पेटीखाली परत आली. पिल्लं आता रडतही नव्हती. एकमेकांना चिकटून नुसती थरथरत होती. धाकट्याचं नाक तर निळं पडलं होतं. नाकुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पिल्लांवर पसरून झोपली. पण एवढीशी आई पुरणार कुणाकुणाला? दोघांना झाकलं, की दोघं उघडी.

मग मात्र नाकुलीला राग आला. असा राग आला, असा राग आला, की शेपूट ताठ झालं.

"पुरे झालं, आधी हा आणि आधी तो! आता आधी मी!"

तुरु तुरु तुरु! नाकुली काकांच्या बिछान्यावर चढली. पहिल्या गोधडीखाली शिरली. दुसऱ्या गोधडीखाली शिरली. तिसऱ्या गोधडीखाली शिरली. तिथे काकांचे पाय होते. मऊ मऊ. गरम गरम.

नाकुलीने आपलं लांब लांब, गार गार नाक काकांच्या तळपायाला टेकवलं.

टच्च!

"आई गंऽऽऽ!"

काका टुणकन उडाले. एक गोधडी इकडे. एक गोधडी तिकडे. एक गोधडी अप्पांच्या डोक्यावर. काका खोलीच्या मधोमध उभे. वरून पंखा. गरगर, गरगर.

"अरे बाप रे! थंडी! थंडी! कुणी लावला हा पंखा?"

कुणी लावला होता बरं?

काकांनी बटण दाबलं. खट्!

पंखा थांबला. गर्र... गर्र... गप्प.

अप्पांनी गोधडीतून डोकं काढलं. वर पाहिलं. पंखा बंद. वारा बंद. आता दुसरं काहीतरी कारण हवं होतं. अप्पांनी इकडे शोधलं, तिकडे शोधलं. सापडलं नाही. उठले बिचारे आणि पुढच्या दाराने अंगणातल्या न्हाणीत गेले.

काकूने हंडा उतरवला आणि मागच्या दाराने न्हाणीत नेला. अप्पांनी अंघोळ केली. भसाभस, भसाभस. "हर हर गंगेऽऽ!"

चूल रिकामी झाली. काकूने दूध तापवलं. कोमट हं.

बोका उठला. पाठीची कमान केली. दूध प्यायला. लप लप लप.

पायपुसणं सरकलं. सर्रर्र.

दार उघडलं. कर्रर्र.

आणि ऊब आली! सुऽऽस करून आली. अप्पांच्या बाजेवरून आली, काकांच्या बिछान्यावरून आली, आणि शिरली थेट पेटीखाली.

नाकुलीने पहिल्याच्या नाकाला नाक लावलं. ऊन! दुसऱ्याच्या नाकाला नाक लावलं. ऊन! तिसऱ्याच्या नाकाला लावलं. ऊन ऊन! आणि धाकट्याच्या? त्याचं निळं नाक गुलाबी झालं होतं. तो दूध मागायला लागला. चुंई! चुंई! नाकुलीने त्याला पोटाशी घेतलं. असा आनंद झाला तिला, की चौघांच्या नाकांना तिने पुन्हा एकदा नाक लावलं.

तिकडे स्वयंपाकघरात उकडायचं थांबलं. काकूने घाम पुसला आणि खिडकी लावली. "काव!" कावळा रागावला. रागावू दे.

मग सगळे पुढच्या खोलीत चहा प्यायला बसले.

काका म्हणाले, "मी बटण दाबलं, म्हणून घर ऊबदार झालं." अप्पा म्हणाले, "मी अंघोळ केली म्हणून." काकू म्हणाली, "मी दूध दिलं म्हणून!" आणि बोका? मिशा पुसताना त्याचा तोरा बघायला हवा होता.

नाकुलीचं नाव कुणी काढलं का? छे! काढलं असेल तर फक्त, "कसला गं वास येतोय?" एवढंच.

इतक्यात काकू म्हणाली, "अहो, ते दार लावा हो. किती वेळ उघडं ठेवायचं?"

पेटीखाली नाकुली ताडकन उठली! तिने चारही पिल्लांना घट्ट धरलं.

काका म्हणाले, "लावतो की! मी कुठे नाही म्हणतो? पण दार अप्पांच्या जवळ आहे. आधी अप्पांना उठू दे."

अप्पा म्हणाले, "उठतो की! मी कुठे नाही म्हणतो? पण बोका मांडीवर आहे. आधी बोक्याला उतरू दे."

बोका म्हणाला, "उतरतो की! मी कुठे नाही म्हणतो? पण आधी काकूला..."

आणि बोका झोपला. घुर्रर्र.

त्या दिवशी दार उघडंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही उघडंच राहिलं. संक्रांत आली, तिळगूळ वाटून झाला, तरी दार उघडंच. लावायला सगळे तयार आहेत. कुणीही नाही म्हटलेलं नाही.

आणि पेटीखाली चार पिल्लं झोपलीत. नाकं ऊन ऊन.