भरल्या गाडीचा आवाज

“उस्ताद, जी गाडी वाजतच नाही, तिचा आवाज शोधू तरी कुठं?”

देवानंदनं पाना बाकावर आपटला. हबीब उस्तादांनी आधी पान्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

परतवाड्यात उस्तादांचं गॅरेज जुनं. मेळघाटात चालणारी जवळपास प्रत्येक जीप कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेली. अलीकडे मात्र गिऱ्हाईक देवानंदला विचारत यायचं. त्याचा कानच तसा होता. गाडी दारात वळायच्या आत तो सांगायचा, बेअरिंग गेलंय की बुश. लोक उस्तादांसमोर त्याचं कौतुक करत, आणि उस्ताद खुशीनं मान डोलवत.

पण ही एक जीप...

वरच्या गावांतून आजारी माणसं खाली दवाखान्यात आणणारी ती फोर-व्हील जीप. पुढून ‘खट्ट’ वाजते म्हणून तिचा ड्रायव्हर मोतीलाल कास्देकर तिला पुन्हा पुन्हा घेऊन येत होता. देवानंदनं डावीकडचा शॉकअब्सॉर्बर बदलला. मग दोन्हीकडचे रबरी बुश बदलले. जॅकवर चढवून चाकं हलवून पाहिली. ढिलाई कुठंच नाही. गावाबाहेर खड्ड्याखड्ड्यांतून पळवली. गाडी गप.

आज मोतीलाल परत दारात उभा होता.

“मोतीलालभाऊच्या मनात वाजते ते,” देवानंद म्हणाला. “गाडीत नाही.”

मोतीलाल रागावला नाही.

“असंन,” तो म्हणाला. “पण परवा एका म्हातारीले आणत होतो. खट्ट झालं का ते मांगून माह्या खांद्याले धरे. म्हने, बापू, उतरव मले, मी पायी येतो... आन् उद्या एका पोरीले आणाचं हाय. दिवस भरले तिचे.”

उस्ताद उठून जीपजवळ आले.

“कवा वाजते?” उस्तादांनी विचारलं.

“उतारावर, चाचा.”

“आणखी?”

“पेशंट असला का. संगं घरचे असले का. रिकामी वर नेतो, तवा बोलत नाई.”

उस्ताद देवानंदकडे वळले.

“तू कशी चालवली?”

“...रिकामी.”

“जॅक काढ.”

देवानंदनं जॅक काढला. गाडी आपल्या चारही चाकांवर बसली.

शेजारच्या आडतीतून उस्तादांनी तुरीची पोती मागवली आणि माणसं बसतात त्या बाकांवर ठेवायला लावली. मधलं स्ट्रेचर तेवढं मोकळं राहिलं.

“यावरही ठेवू?” देवानंदनं विचारलं.

“नको. तू झोप.”

देवानंद हसला. मग त्याच्या लक्षात आलं, उस्ताद हसत नव्हते.

घाट चढेपर्यंत काहीच झालं नाही. पोत्यांच्या मधोमध तो उताणा पडून होता. वर पत्रा, बाकी काही दिसत नव्हतं. पुढं मोतीलाल, त्याच्या शेजारी उस्ताद. वर जाऊन गाडी वळली आणि उताराला लागली.

ज्यानं आजवर गाडी नेहमी स्वतःच चालवली, कुणाच्या शेजारी बसूनही धड प्रवास केला नव्हता, त्याच्या हातात आज स्टेअरिंग नव्हतं. पायाखाली ब्रेक नव्हता. वळण कधी येणार, ते कळत नव्हतं.

खट्ट.

त्याचा हात आपसूक बाजूच्या दांडीवर गेला. मान वळवून त्यानं पाहिलं. साऱ्या दांडीला रंग होता, फक्त त्याचा हात गेला होता तिथला उडाला होता. तेवढं लोखंड चकचकीत झालं होतं... हातांनीच.

देवानंदनं डोळे मिटले. मोतीलालच्या मनात वाजते, असं आपण सकाळी म्हणालो होतो, ते त्याला आठवलं.

खट्ट.

या वेळी आवाज कानात आलाच नाही. पाठीत शिरला. उजव्या खांद्याखाली.

“थांबवा!”

मोतीलालनं गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले.

“पोते उतरवू का?”

“नको. भरलेलीच राहू द्या. मी सांगतो तसं स्टेअरिंग फिरवा फक्त.”

देवानंद पुढच्या उजव्या चाकामागे सरपटत शिरला. गाडीचं वजन झेलणाऱ्या कमानीचे पाटे जिथं चेसिसला, खालच्या सांगाड्याला, लटकतात, त्या ब्रॅकेटवर त्यानं बोट ठेवलं. स्टेअरिंग डावीकडे गेलं, उजवीकडे आलं. वाळलेल्या चिखलाखाली बोटाला काहीतरी चावलं. त्यानं चिखल खरवडला. ब्रॅकेटला चीर गेली होती. वजन पडलं की पापणीसारखी उघडत होती. जॅकवर गाडी घेतली की मिटून जात असणार.

तो तसाच पडून राहिला. भरल्या गाडीनं असे आणखी थोडे उतार, आणि कमान चेसिसपासून सुटली असती. पुढचं वळण दरीचं होतं.

बाहेर आला तेव्हा तो मातीनं माखला होता. त्यानं नुसतं बोट दाखवलं. उस्तादांनी वाकून हात घातला, चीर चाचपली. मग खांद्यावरचा रुमाल काढून देवानंदच्या पाठीवरची माती झटकली. नीट, सावकाश, सगळी.

पोती रस्त्याकडेला उतरवून त्यांनी गाडी पावलापावलानं खाली आणली. जुना ब्रॅकेट कापला, नवा बसवून वेल्डिंग केलं. ऊन उतरायच्या आत ती पुन्हा भरली, पुन्हा घाटात नेली. देवानंद न सांगताच स्ट्रेचरवर जाऊन झोपला. पायथा येईपर्यंत एक खट्ट नाही.

दुसऱ्या दिवशी मोतीलालनं त्या पोरीला खाली आणलं. गॅरेजवरून जाताना हात बाहेर काढून हलवला. मागं बाकावर पोरीची आई बसल्या बसल्या पेंगत होती.

जीप दवाखान्याकडे वळेपर्यंत देवानंद बघत राहिला. मग उस्तादांच्या पुढ्यात चहा ठेवून त्यानं विचारलं,

“उस्ताद, तुम्हाला आधीच माहीत होतं ना, चीर कुठं आहे ते?”

“नाही.”

“मग मला तिथं झोपवलं, ते... शिकवायला?”

उस्तादांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली.

“गुडघे गेले रे, बेटा. नाहीतर मीच झोपलो असतो.”