कांद्याची साल

कांद्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. कांदाचाळीत साठवलेल्या एका कांद्याला आपल्या वाळक्या सालीची लाज वाटायची. शेजाऱ्यांना अंग घासून त्याने ती उतरवली.

"अरे, बुरशी मला भिते, म्हणून तू शाबूत आहेस," साल खालून म्हणाली. कांद्याने ऐकलं नाही.

आठवड्यात त्याला काळी बुरशी लागली. कांदे निवडायला आलेल्या अनसूयाबाईंनी सडका भाग कापला आणि चांगला अर्धा चुलीजवळ ठेवला. खाली पडलेल्या साली तुरटी घालून उकळल्या, त्यात नातीचं पांढरं झबलं बुडवलं. ते पिवळंधमक निघालं.

"एवढा रंग तुझ्याजवळ होता?" कांद्याने विचारलं.

"तुझ्याच अंगावर पांघरला होता," साल पातेल्यातून म्हणाली.

"उपकार कळायला उशीर झाला गं."

तेव्हापासून कांद्याची साल काढली की कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी येतंच.