पोचा पडलेला शेर

मंडळी, विश्वास कुणावर ठेवाल? देखण्यावर की ओबडधोबडावर? घाई नको, आधी ऐका.

फार पूर्वी मल्लाप्पा वाण्याच्या दुकानात धान्य मोजायचे दोन पितळी शेर होते. एक नवा, लखलखीत, नक्षीदार. दुसरा जुना, काळवंडलेला, कुशीत भला मोठा पोचा पडलेला. गिऱ्हाइकं म्हणायची, "तो नटवा नको हो, या गरिबानंच मोजा." जुन्याची छाती फुगायची. "रूप नसलं तरी नियत आहे बरं का," असा टोमणा तो नव्याला मारायचा.

एकदा सोनाईनं लेकीच्या लग्नासाठी ज्वारी नेली, तीही जुन्यानंच मोजून. तासाभरात ती परत आली. "शेटजी, चावडीवरच्या सरकारी दगडी मापात घालून पाहिली. शेरामागं मूठभर कमी! वऱ्हाड काय उपाशी उठवू?"

मल्लाप्पानं दोन्ही शेर चावडीवर नेले. नवा दगडी मापाशी दाण्यादाण्यानं जुळला. जुना कमी भरला.

"मी एक दाणा खाल्ला नाही रे!" जुना रडवेला झाला.

"ठाऊक आहे, आजोबा," नवा म्हणाला. "पण पोचा बाहेरून पडला, तरी जागा आतलीच जाते."

जुन्यानं आपल्या पोच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "शेटजी, मला तांबटाकडं न्या."

हातोडीचे घाव त्यानं निमूट सोसले. परत येताच सोनाईची तूट त्यानंच भरून दिली, वर चार मुठी जास्त. आता तोही चकाकतो. गिऱ्हाइकं कुजबुजतात, "हाही नटला वाटतं!" आणि दोघे शेर खुशाल हसतात.

तेव्हा बाबांनो, हिशेब सचोटीनं ठेवा, आणि आपलं माप अधूनमधून चावडीवर नेत जा.