यशोधनचा तारा

“मग सही करणार की नाही, तेवढं सांगा बुवा!”

यशोधनने सकाळपासून हाच धोशा लावला होता. बाहेर कातळाच्या उघड्या सड्यावर ऊन रणरणत होतं आणि केशवबुवा मठाच्या ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

बुवांच्या हाताखाली शिष्य दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढायला शिकत. कागदावर बुवांची सही असली, की वेधशाळेतली माणसं शिष्याचं म्हणणं मनावर घेत. म्हणून तर यशोधन तळमळत होता.

“कृत्तिकांच्या गुच्छात नवा तारा आहे बुवा. कुठल्याच नकाशात नाही! दुसऱ्या कुणी आधी कळवलं, तर त्याचं नाव लागेल.”

“आणि तुला तुझं लावायचंय.”

“शोधला मी, मग कुणाचं लावू?”

बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“आज रात्री पुन्हा बघू.”

“रात्रीपर्यंत माझा जीव राहायचा नाही. कालच्या प्रत्येक फोटोत आहे तो. त्याच जागी. केसभर हललेला नाही!”

“आणि झाकण लावून काढायचे, ते फोटो?”

यशोधन चुळबुळला.

मठाची रीतच होती तशी. आकाशाचे फोटो झाले, की दुर्बिणीवर झाकण लावायचं आणि तितकाच वेळ देऊन काळोखाचेही फोटो काढायचे. का, ते बुवांनी कधी सांगितलं नव्हतं. यशोधनला ते उगाचचं सोवळंओवळं वाटायचं.

“आभाळ इतकं स्वच्छ होतं... काळोखाच्या फोटोंत वेळ कशाला घालवू?”

बुवा उठून दुर्बिणीच्या खोपटात गेले. यशोधन मागोमाग गेला. त्याचा कॅमेरा कालपासून तसाच जोडलेला होता. त्यांनी दुर्बिणीच्या तोंडावर झाकण घट्ट बसवलं. वरून जाड घोंगडी टाकली, कडा नीट खोचल्या.

“काढ फोटो. कालच्याइतकाच वेळ दे.”

“आत्ता? भरदुपारी? झाकण लावून?”

“काढ.”

यशोधनने बटण दाबलं. मग नुसतं थांबणं... तो उठला, बसला, दारापर्यंत जाऊन आला. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. घाई झालेल्या माणसाला गुरूसुद्धा वेडा दिसतो.

फोटो पडद्यावर आला. काळाकुट्ट. कृत्तिका नव्हत्या. त्यांच्याभोवतीचा निळसर तेजोमेघ नव्हता.

आणि उजव्या कोपऱ्यात, कालच्याच जागी, केसभरही न हलता, त्याचा तारा चमकत होता.

यशोधनने घोंगडीखाली हात घालून झाकण चाचपलं. घट्टच होतं.

“बुवा... हा इथे कसा?”

बुवांनी खिशातून पेन काढलं.

“आण तो कागद. आभाळातला नाही, तुझ्या कॅमेऱ्यातलाच बिघडलेला ठिपका आहे हा. हा मात्र अगदी तुझाच आहे... लाव तुझं नाव.”